फोकस कुणावर होता?

गेल्या हिवाळ्यात बाबांना घेऊन भिगवणला गेले होते. उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो येतात आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे हौशी फोटोग्राफर येतात. पहाटे साडेसहाला होडीत बसलो. माझ्याकडे भाड्याने आणलेली १००-४०० ची झूम लेन्स, बाबांकडे माकडटोपी आणि चहाचा थर्मास. दोन तासांत मी ११४० फ्रेम मारल्या. घरी येऊन एकेक फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के झूम करून पाहिला. पक्ष्याचा डोळा शार्प नसेल तर डिलीट. रात्री बारापर्यंत २३ उरले. त्यातला एक ग्रुपवर टाकला, ‘टॅक शार्प!’ अशा पाच-सहा प्रतिक्रिया आल्या आणि मी समाधानाने झोपले.

तीन आठवड्यांनी बाबांनी विचारलं, “अगं, माझा तो फोटो कुठाय? तो पांढरा पक्षी डोक्यावरून गेला तेव्हाचा. तू दाखवला होतास बघ कॅमेऱ्यावर.”

“तो ब्लर होता, बाबा. उडवला.”

“ब्लर म्हणजे? मला तर मी दिसत होतो.”

बाबा पुन्हा पेपर वाचायला लागले. मी मात्र त्या ‘ब्लर म्हणजे?’पाशी अडकले. कारण प्रामाणिक उत्तर द्यायचं तर मला ते येत नव्हतं. आठ वर्षं फोटो काढते, लेन्सचे रिव्ह्यू तोंडपाठ आहेत, पण ब्लर म्हणजे काय आणि तो फोटोत काय करतो, याचा विचार केला नव्हता. ब्लर म्हणजे चूक, एवढंच माहीत होतं.

आधी आपण ज्याला शार्प म्हणतो ते बघू. लेन्स नेमका फोकस एका अंतरावरच करते. त्याच्या पुढे आणि मागे सगळं हळूहळू धूसर होत जातं. त्यातला किती धूसरपणा डोळ्याला जाणवणार नाही, हे माणसांनी ठरवून घेतलेलं आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी हा आकडा साधारण ०.०३ मिलिमीटरचा ठिपका असा धरतात, आणि तोही ठरावीक मापाचा प्रिंट हातात धरून बघणाऱ्या माणसाच्या नजरेवरून काढलेला आहे. म्हणजे शार्पनेस केवळ लेन्सवर ठरत नाही. फोटो केवढा आहे आणि बघणारा किती लांब उभा आहे, यावरही तो ठरतो.

आता माझा उद्योग बघा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. ज्यांनी ‘टॅक शार्प’ लिहिलं त्यांनी तो आडवा फोटो उभ्या धरलेल्या फोनवर पाहिला. स्क्रीनची रुंदी १०८० पिक्सेल असेल तर त्या फोटोच्या वाट्याला १०८० गुणिले ७२० पिक्सेल आले, म्हणजे ०.८ मेगापिक्सेलही नाहीत. ज्या बारकाव्यासाठी मी हजारभर फोटो उडवले, तो बारकावा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी दाद दिली ती एका शब्दाला. आमच्या हौशी जगात ‘शार्प’ ही ‘छान’ म्हणण्याची पद्धत झाली आहे. ‘छान’ म्हटलं की का छान ते सांगावं लागतं, ‘शार्प’ म्हटलं की त्यातून सुटका होते.

दुसरं म्हणजे ‘ब्लर’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. फोकस चुकीच्या अंतरावर गेला तर ब्लर. समोरची वस्तू हलली तर ब्लर. आपला हात हलला तर ब्लर. शिकताना हे तीन वेगवेगळे आजार म्हणून शिकवतात आणि औषधंही वेगळी सांगतात. फोकस चुकत असेल तर फोकस पॉइंट आपण निवडावा किंवा ॲपर्चर लहान करावं. वस्तू हलत असेल तर शटर स्पीड वाढवावा. हात हलत असेल तर ४०० मिमीच्या लेन्सला निदान १/४०० सेकंद ठेवावा, किंवा स्टॅबिलायझेशनवर नाहीतर ट्रायपॉडवर भिस्त ठेवावी. हे सगळं उपयोगी आहे आणि मीही ते पाळते. पण हे तिन्ही ब्लर फोटो वाचणाऱ्याला वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला सांगतो, लक्ष कुठे होतं. दुसरा सांगतो, किती वेळ गेला. तिसरा सांगतो, कॅमेरा धरणाऱ्याचं काय चाललं होतं.

तिन्हींची उदाहरणं फोटोग्राफीच्या इतिहासातच आहेत, आणि ती ज्यांच्याशिवाय हा इतिहास सांगता येत नाही अशांची आहेत.

पहिली ज्यूलिया मार्गारेट कॅमरन. जन्म १८१५ चा, कलकत्त्यातला. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. म्हणजे तीही आपल्यासारखी हौशीच. तिचे पोर्ट्रेट फोकसमध्ये नसतात म्हणून इंग्लंडच्या फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला चांगलंच झोडपलं. तिने पुढे लिहून ठेवलं की फोकस करता करता डोळ्याला सुंदर वाटलं की ती तिथेच थांबायची, आणखी नेमकेपणासाठी लेन्स फिरवत बसायची नाही. तिचा मित्र खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्षेल याला पाठवलेल्या पत्रात तर तिने सरळ विचारलं की फोकस म्हणजे काय, आणि कोणता फोकस खरा हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा. बाबांनी मला विचारलं ते हेच, फक्त दीडशे वर्षांनी आणि पेपर वाचता वाचता.

तिने १८६७ मध्ये काढलेला हर्षेलचा फोटो नेटवर सहज सापडेल, शोधून बघा. अंधारातून एक म्हातारा चेहरा पुढे आलेला, पांढरे केस विस्कटलेले. कडा विरघळत गेल्या आहेत आणि नजर थेट डोळ्यांकडे जाते. तिची एक्सपोजर लांबलचक असायची, त्यामुळे माणसाची हालचालही त्या मऊपणात मिसळलेली असते. पण कुठे थांबायचं हा निर्णय तिचा आहे. तिचे सगळेच फोटो असे जमलेले नाहीत. काही नुसतेच धूसर आहेत, आणि त्यांना मी मोठं म्हणणार नाही. हर्षेलच्या फोटोत मात्र काय सोडायचं हे तिला कळलं होतं.

दुसरा आन्री कार्तिए-ब्रेसाँ. पॅरिस, १९३२, गार सँ-लाझार स्टेशनच्या मागची जागा. पाण्याचं मोठं डबकं, त्यात आडवी पडलेली शिडी, आणि तिच्यावरून उडी मारलेला एक माणूस. टाच पाण्याला टेकायच्या आतला क्षण. हा फोटो ‘निर्णायक क्षणा’चं उदाहरण म्हणून जगभर दाखवतात, पण तो माणूस ब्लर आहे! मागचं कुंपण आणि भिंतीवरची पोस्टरं स्थिर आहेत, हलतोय तो फक्त माणूस. माझ्या नियमाने मी हा फोटो उडवला असता. आणि तो माणूस काचेसारखा शार्प असता तर उडी राहिली असती, पण घाई गेली असती.

तिसरा रॉबर्ट कापा. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा ओमाहा किनारा. पाण्यातून पुढे सरकणारा सैनिक, मागे किनाऱ्यावरचे अडथळे, सगळंच हललेलं. ‘लाइफ’ मासिकाने फोटो छापताना फोटोखालच्या ओळींत त्याचं कारण दिलं की त्या क्षणाच्या प्रचंड उत्तेजनेत कापाचा कॅमेरा हलला. कापाने १९४७ मध्ये युद्धाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’. त्या दिवसाच्या निगेटिव्हचं नंतर नेमकं काय झालं, यावर पुढे बरेच वाद झाले. पण मला त्या नावाचीच गंमत वाटते. ‘लाइफ’चं म्हणणं खरं धरलं तर चुकला होता तो हात, फोकस नाही. खुद्द कापाच्या पुस्तकाच्या नावातही दोन ब्लरांची गल्लत आहे. त्या फोटोत हात काढून टाकला तर उरेल पाण्यातला एक सैनिक. गोळ्यांच्या माऱ्यात कॅमेरा धरून उभा राहिलेला दुसरा माणूस दिसेनासा होईल.

एवढ्यावरून ‘ब्लर म्हणजे कला’ असा निष्कर्ष काढू नका. ते ‘शार्प म्हणजे चांगलं’ इतकंच आळशी आहे. एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली साधी मिरची. तिची प्रत्येक वळी, प्रत्येक चमक इतकी स्पष्ट आहे की बघता बघता ती मिरची राहत नाही, पाठीचे स्नायू दिसायला लागतात. दोन वर्षांनी वेस्टन, ॲन्सेल ॲडम्स आणि त्यांच्या मित्रांनी कॅलिफोर्नियात जो गट काढला त्याचं नावच ‘एफ ६४’, म्हणजे पुढून मागपर्यंत सगळं शार्प ठेवणारं अगदी बारीक ॲपर्चर. मुद्दाम धूसर करून चित्रासारखे दिसणारे फोटो तेव्हा प्रतिष्ठेचे होते, त्यांना कंटाळून या लोकांनी शार्पनेस निवडला. निवडला हे महत्त्वाचं. आम्ही भिगवणचे लोक तो निवडत नाही, आम्हाला तो लेन्सबरोबर मिळतो. म्हणून आमचे फ्लेमिंगो एकमेकांत मिसळले तर कुणाचा कुठला हे आम्हालाही सांगता येणार नाही.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे येऊ. फोनचा सेन्सर इतका लहान असतो की मुख्य कॅमेऱ्याने फोटो काढला तर दोनेक मीटरच्या पुढचं जवळपास सगळं शार्पच येतं. उलट मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ ला ठेवून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर शार्प पट्टा मिळतो जेमतेम सहा सेंटिमीटरचा. डोळे फोकसमध्ये, कान बाहेर. तो मऊपणा लोकांना आवडतो म्हणून फोन तो नंतर हिशोबाने घालतो. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसवर पोर्ट्रेट मोड आला आणि मग तो सगळीकडे पसरला. फोन अंतराचा अंदाज घेतो, चेहरा ओळखतो आणि बाकीचं पुसतो. कधी त्यात सुटे केस जातात, कधी चष्म्याची कड.

केसांची चूक पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल. माझी तक्रार दुसरी आहे. इथे ब्लर तिन्हींपैकी कुठलीच साक्ष देत नाही. तो सांगतो एवढंच की या फोटोत चेहरा महत्त्वाचा आहे, बाकी नाही. आजी स्वयंपाकघरात उभी आहे आणि तिच्या मागची डब्यांची मांडणी पुसली गेली, तर फोटो कुणाचा राहिला? महागड्या कॅमेऱ्यांचंही आता तेच आहे. माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा डोळा ते स्वतःच शोधून धरून ठेवतात. हे फार सोयीचं आहे आणि मी ते बंद करणार नाही. पण कुठे बघायचं हे कॅमेऱ्याने ठरवलं आणि काय ठेवायचं हे शंभर टक्के झूमने ठरवलं, तर माझ्याकडे बोट दाबण्यापलीकडे काय उरलं?

बाबांच्या त्या फोटोकडे मला आता परत जायला हवं. तो उरलेला नाही, त्यामुळे आठवणीतूनच सांगते. होडीच्या दुसऱ्या टोकाला बाबा, एक हात टोपीवर, तोंड उघडं, मोठ्याने हसताहेत. त्यांच्या डोक्यामागून एक कुरव पक्षी चाललाय, एक पंख फ्रेमच्या बाहेर कापलेला. मी त्या दिवशी कॅमेऱ्याला पक्ष्यांचे डोळे शोधायला सांगितलं होतं आणि त्याने चोख काम केलं. कुरवाचा डोळा शार्प, बाबा ब्लर.

पंख कापलेला म्हणून पक्ष्याचा फोटो बाद, आणि चेहरा धूसर म्हणून बाबांचा फोटो बाद. दोन्ही निकषांवर नापास. पण आज शिकलेल्या पद्धतीने वाचला तर हा पहिल्या प्रकारचा ब्लर आहे, लक्ष कुठे होतं ते सांगणारा. सेटिंग मीच लावलं होतं. बाबा माझ्यापासून दोन-अडीच मीटरवर बसून इतके हसत होते आणि माझा फोकस त्यांच्या मागच्या पक्ष्यावर होता. त्या ११४० फ्रेममध्ये त्या सकाळबद्दल सगळ्यात खरं बोलणारा फोटो तोच होता, आणि मी तो तांत्रिक चूक म्हणून उडवला.

कार्ड मी नंतर दोनदा फॉरमॅट केलंय. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं, फ्लेमिंगोच निघाले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “जाऊ दे गं. परत जाऊ की थंडीत.” त्यांनी थर्मासही धुऊन ठेवलाय.