जुन्या सामानाची किंमत

जुन्या सामानाभोवती घराण्याच्या आठवणी रेंगाळतात, हे सांगणारे लेखन पुष्कळ आहे. पण त्या आठवणी दोन सख्ख्या भावांच्याही सारख्या नसतात, हे आर्थर मिलरच्या ‘द प्राइस’ (१९६८) या नाटकाने फार रोखठोकपणे मांडले.

न्यूयॉर्कमधले एक घर पाडले जायचे आहे. वरच्या मजल्यावर खच्चून भरलेले वडिलांचे सामान विकायला व्हिक्टर हा पोलीस येतो. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, वडील बुडाले आणि त्यांना सांभाळण्यासाठी व्हिक्टरने कॉलेज सोडले. थोरला वॉल्टर मात्र नामांकित सर्जन झाला. ८९ वर्षांचा व्यापारी सॉलोमन साऱ्या सामानाचे १,१५० डॉलर देऊ करतो. एवढ्यात वॉल्टर येतो. बोलण्याबोलण्यात तो सांगून जातो, की तेव्हाही वडिलांजवळ ४,००० डॉलर होते!

तिथे वडिलांच्या खुर्चीचा अर्थच पालटतो. व्हिक्टरच्या लेखी ती त्यागाची खूण, वॉल्टरच्या लेखी फसवणुकीची. मिलर निवाडा देत नाही, हे त्याचे मोठेपण. उत्तरार्धात मात्र वाद लांबतो, आणि मिस्कील सॉलोमन आतल्या खोलीत गेला की रंगमंच कोरडा पडतो, हेही नोंदवले पाहिजे.

आपल्याकडेही वाटणीच्या वेळी पलंग-कपाटांवरून भाऊ भांडतात. बाहेरच्याला तो लोभ वाटतो. लाकडाच्या आडून प्रत्येक जण आपण सोसल्याची पावती मागत असतो, हे या नाटकाने कळते. शेवटी सौदा पुरा होतो. ती पावती मात्र दोघांपैकी कुणालाच मिळत नाही.