संकेतस्थळाची पुनर्रचना आणि आवश्यकतांचा मसुदा : एक चिकित्सा

महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची पुनर्रचना करावयाचे ठरले की समिती नेमली जाते आणि तांत्रिक चमूकडे सोपविण्यासाठी आवश्यकतांचा मसुदा तयार होतो. 'संकेतस्थळ आकर्षक, अद्ययावत व वापरण्यास सुलभ असावे' हे अशा मसुद्यातील ठरलेले वाक्य होय. त्यात गैर काही नाही. मात्र त्याची पूर्तता झाली की नाही, हे कोणालाही तपासून सांगता येत नाही. आयईईईच्या ८३०-१९९८ या प्रमाणकाने उत्तम आवश्यकता-लेखनाची जी आठ लक्षणे सांगितली, त्यांत पडताळणीक्षमतेचा समावेश होता. २०११ मध्ये त्याची जागा २९१४८ या प्रमाणकाने घेतली, तरी ही कसोटी कायम राहिली.

विशेषणांच्या या गर्दीत जुन्या मजकुराचे काय करावयाचे, हा प्रश्न निसटतो. अनेक संस्थांचे जुने मराठी अहवाल कृतिदेव वा श्री-लिपीसारख्या टंकांत आहेत. पडद्यावर मराठी दिसते, साठवणीत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. तो टंक नसलेल्या संगणकावर केवळ निरर्थक चिन्हे उमटतात. मसुद्यात युनिकोड रूपांतराचा उल्लेख नसेल, तर चमू मजकूर आहे तसा उचलून नव्या ठिकाणी ठेवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. रूपांतर केले तरी रफार आणि जोडाक्षरे बिघडण्याचा धोका उरतोच. ती तपासणी मराठी विभागाने करावयाची की कंत्राटदाराने, हे लेखी ठरवावयास हवे. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून भिन्न असून महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण ठरविली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना एकच संकेत आहे. म्हणून पृष्ठाची भाषा मराठी असल्याची नोंद आणि ती वळणे असलेला टंक, दोन्ही मागावे लागतात. हे मागणे चमूचे काम नव्हे, भाषा जाणणाऱ्यांचे आहे. (मुखपृष्ठावरील सरकत्या छायाचित्रांवर बैठका खर्ची पडतात, ती बाब निराळी.)

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून उपलब्ध आहेत. 'सुलभ' या शब्दाऐवजी त्यांतील कलमे उद्धृत करणे अवघड नाही. परिपत्रकांची केवळ छायाचित्ररूप प्रत ठेवली, तर वाचक-प्रणालीला त्यातून वाचण्याजोगे काहीच मिळत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक दुव्यांची. नॅकला सादर केलेल्या स्व-अध्ययन अहवालात संस्थेच्या संकेतस्थळावरील पुराव्यांचे दुवे असतात. पुनर्रचनेत पत्ते बदलले की ते पुरावे उघडत नाहीत. कागद शाबूत असूनही संस्था ते दाखवू शकत नाही. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळविण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या साधी आहे, पण तीसाठी लागणारी दोन रकान्यांची यादी तांत्रिक चमू स्वतःहून बनवू शकत नाही. कोणता दुवा कोणत्या अहवालात दिला आहे, हे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षालाच ठाऊक असते, आणि मसुदा लिहिणाऱ्या समितीत त्या कक्षाचा प्रतिनिधी असेलच असे नाही.