चंदीगढची खुर्ची आणि तिची वीण

इन्स्टाग्रामवर घरसजावटीची पानं चाळत असाल, तर ही खुर्ची तुम्ही पाहिलेली आहे. सागवानी चौकट, उलट्या ‘व्ही’सारखे पाय, वेताच्या जाळीची बैठक आणि पाठ. शेजारी एखादं रोप, मागे पांढरी भिंत. खाली लिहिलेलं असतं, ‘चंदीगढ चेअर’. नक्कल काही हजारांत मिळते. अस्सल खुर्च्यांसाठी परदेशी लिलावांत लाखो रुपये मोजले जातात.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ साली या फर्निचरवर ‘प्रॉव्हेनन्स’ नावाची सुमारे चाळीस मिनिटांची फिल्म केली. वस्तू कुणाकुणाच्या हातून इथवर आली, त्या मालकीच्या साखळीला लिलावाच्या धंद्यात ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणतात. सीगल ही साखळी उलटी उलगडते. सुरुवात न्यूयॉर्क, लंडन, पॅरिसमधल्या संग्राहकांच्या देखण्या घरांत होते. मग लिलाव, दुरुस्तीचे कारखाने, जहाजावरचे कंटेनर असं मागे मागे जात आपण चंदीगढच्या कचेऱ्यांत पोचतो. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. कॅमेरा फक्त सावकाश सरकत राहतो.

हा उलटा क्रम हीच फिल्मची खरी ताकद आहे. सरळ क्रमाने सांगितली असती, तर ‘भंगारातून वैभवाकडे’ अशी सुखान्त गोष्ट झाली असती. उलट्या क्रमात मात्र प्रत्येक पायरीवर खुर्चीची किंमत उतरते आणि उपयोग वाढत जातो. आधी तिच्यावर कुणी बसत नाही. शेवटी तिच्यावर माणसं बसून फायली हातावेगळ्या करताना दिसतात.

थोडा इतिहास. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, म्हणून भारताकडच्या पंजाबसाठी नवी राजधानी उभारली गेली. आराखडा ल कॉर्बुझिएचा. पण तिथे राहून १९६५पर्यंत काम रेटलं ते त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, सरकारी घरं या सगळ्यांना फर्निचर हवं होतं, तेही हजारोंनी आणि स्वस्तात. म्हणून सागवान आणि वेत, आणि स्थानिक सुतारांना जमेल अशी सोपी रचना. भारताच्या सुरुवातीच्या स्त्री वास्तुविशारदांपैकी एक असलेल्या यूली चौधरी यांचाही या कामात वाटा होता. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मात्र ठळक अक्षरांत बहुधा एकच नाव दिसतं.

पुढे खुर्च्या मोडल्या, स्टील आणि प्लॅस्टिक आलं, जुना माल गच्चीवर आणि आवारात रचला गेला. सरकारनेच तो भंगार म्हणून लिलावात काढला आणि युरोपातल्या दलालांनी उचलला. चोरी नव्हती, रीतसर पावती होती. केंद्रीय गृह मंत्रालयाचा मनाई आदेश आला तो २०११मध्ये.

इथे संग्राहकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण ज्याला आपण भंगार म्हटलं ते त्यांनी जपलं, हेही खरं. माझा आक्षेप वेगळा आहे. ते नेमकं काय जपतात?

जुन्या खुर्चीवर कचेरीने रंगवलेली अक्षरं आणि आकडे असतात. ती खूण अस्सलपणाचा पुरावा ठरते. ती पुसली जाऊ नये म्हणून जिवापाड काळजी घेतली जाते. वेताचं तसं नाही. वेत वापराने सैल होतो, वाळून तुटतो, आणि मग बैठक नव्याने विणावी लागते. म्हणजे जिच्यावर आपण प्रत्यक्ष बसतो, ती वीण कित्येकदा मूळची नसतेच. ती कुणाच्या तरी अलीकडच्या मेहनतीची असते. त्या हातांची नोंद कुठल्याच दाखल्यात नाही.

आपल्याकडेही सरकारी कचेऱ्यांत, शाळांत वेताच्या खुर्च्या होत्या. मधोमध भोक पडलं की त्यावर पुठ्ठा टाकून बसायचं. विणायला येणारे अनेक कारागीर अंध असत, कारण अंधशाळांत हे काम शिकवलं जाई. बोटांनी भोकं मोजत, ओला वेत आडवा-उभा-तिरपा ओवत ते जाळी ताणून बसवत. चंदीगढच्या खुर्चीचं सौंदर्य आपण डोळ्यांनी जोखतो, पण ही कला मुळात बोटांची आहे.

‘प्रॉव्हेनन्स’ही इथेच कमी पडते. तिची परतीची वाट चंदीगढच्या कचेरीत संपते. त्यामागचं एक पाऊल, म्हणजे सुताराची रंधा मारायची जागा आणि विणणाऱ्याची बोटं, तिच्या आवाक्याबाहेर राहतं. त्याऐवजी सीगलने फिल्मच लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात विकायला ठेवली आणि त्या विक्रीवर ‘लॉट २४८’ ही दुसरी फिल्म केली. खेळी हुशार आहे. बाजारावर टीका करणारी वस्तूही बाजार सहज गिळतो, हे त्यातून लख्ख दिसतं. पण त्यात पुन्हा नजर लिलावाच्या दालनातच अडकते.

तरीही ही फिल्म मिळाली तर जरूर पाहा. ती पाहिल्यावर मी घरी माळ्यावरची आजोबांची वेताची खुर्ची खाली काढली. तिच्यावर ना आकडा, ना कुणाचं नाव. बैठक फाटलेली. लिलावात तिला कुणी विचारणार नाही. विणून देणारा शोधायला मला तीन आठवडे लागले. तो सापडल्यावर पहिल्यांदा मी त्याचं नाव विचारलं आणि बैठकीच्या खाली, चौकटीच्या आतल्या बाजूला, पेन्सिलने लिहून ठेवलं.