'दिदाखे' : प्रपंचातील शिष्यत्व

मराठी वाचकाला ख्रिस्तचरित्र नवे नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापून निघाले; रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. या दोन्ही काव्यांची दृष्टी मुख्यतः गुरूच्या चरित्राकडे आहे. तथापि गुरू दृष्टीआड झाल्यावर शिष्याने सकाळी उठून नेमके कसे वागावे, हा प्रश्न चरित्रग्रंथ सहसा हाती घेत नाहीत. तो त्यांचा विषयही नव्हे. ज्या एका लहानशा ग्रंथाने हा प्रश्न अगदी आरंभीच्या काळात हाती घेतला, त्याचा परिचय व यथामति परीक्षण येथे करावे, असा आमचा हेतू आहे. हा ग्रंथ म्हणजे ग्रीक भाषेतील 'दिदाखे'. या शब्दाचा अर्थ 'शिकवण' एवढाच आहे.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शुभवर्तमानांत शिष्याला जो ग्रीक शब्द योजिला आहे, त्याचा मूळ अर्थ 'शिकणारा' असा आहे. परंतु तेथील शिकणे पाठशाळेतील नव्हे. ते गुरूच्या मागोमाग चालण्याचे आहे. शिमोन व अंद्रिया यांनी जाळी टाकली, याकोब व योहान यांनी नाव व बाप दोन्ही सोडली, लेवीने जकातीच्या नाक्यावरील आसन सोडले. हे सोडणे इतके ठसठशीत आहे, की शिष्यत्व म्हणजे गृहत्याग असा समज होणे स्वाभाविक होते. पण त्याच ग्रंथांत घरी राहिलेली माणसेही आहेत. मार्था व मरिया यांचे घर मोडले नाही. धनिक तरुणास सर्वस्व विकण्यास सांगणाऱ्या येशूने, अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देऊ करणाऱ्या व ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करू म्हणणाऱ्या जक्कयाला घर सोडण्याची आज्ञा केलेली दिसत नाही. मग घरी राहिलेल्यांचे शिष्यत्व कोणते? ते केवळ त्यागी पुरुषांना दुरून हात जोडणारे भाविक होत, की तेही खऱ्या अर्थाने शिकणारे होत? 'दिदाखे'चे महत्त्व या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

ग्रंथाचा इतिहास मनोरंजक आहे. चौथ्या शतकात अथनेशियस या धर्माधिकाऱ्याने ३६७ साली लिहिलेल्या पत्रात, नव्याने दीक्षा घेणाऱ्यांना वाचावयास देण्याजोग्या पुस्तकांत 'प्रेषितांची शिकवण' या नावाच्या पुस्तकाचा समावेश केला. प्रमाणभूत शास्त्रांत मात्र त्याला स्थान दिले नाही. पुढे ग्रंथ जणू लुप्तच झाला. १८७३ मध्ये फिलोथिओस ब्रायेनिओस या ग्रीक विद्वानाला कॉन्स्टँटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथालयात १०५६ साली नकललेले एक हस्तलिखित सापडले. त्यात हा ग्रंथ होता. १८८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी तो सिद्ध झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रंथकर्त्याचे नाव अज्ञात आहे. प्रकरणे अवघी सोळा, आणि तीही लहान.

वाङ्मय म्हणून पाहू जाता अलंकाराची अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाची येथे निराशा होईल. आरंभी जीवनाचा मार्ग व मृत्यूचा मार्ग असे दोन मार्ग सांगितले आहेत. हा विभाग एखाद्या जुन्या उपदेशपर ग्रंथासारखा आहे: छोटी वाक्ये, विधी आणि निषेध, मधूनच शिकणाऱ्याला 'लेकरा' अशी हाक. त्यानंतर स्नानदीक्षा, उपवास, प्रार्थना, सहभोजन, अतिथी, प्रभुवाराचा मेळावा व अखेरीस अंतकाळाचे स्मरण, असा क्रम आहे. कोठेही भावनेचा उमाळा नाही, कथा नाही. परंतु या कोरडेपणातच एक प्रकारचा प्रामाणिकपणा आम्हांस जाणवतो. लेखकाला वाचकाचे डोळे दिपवावयाचे नाहीत. त्याचे हात कामाला लावावयाचे आहेत.

या ग्रंथाचा पहिला गुण म्हणजे माणसाच्या शक्तीचा विचार. दोन मार्गांचे वर्णन संपविताना लेखक म्हणतो की, प्रभूचे संपूर्ण जू ज्याला वाहता येईल तो पूर्णत्वास जाईल. ज्याला ते झेपत नाही त्याने झेपेल तेवढे करावे. स्नानदीक्षेच्या प्रकरणात हेच तत्त्व पाण्याच्या बाबतीत दिसते. वाहते पाणी असावे. नसल्यास दुसरे चालेल. थंड सोसत नसेल तर ऊन चालेल. दोन्ही पुरेशी नसतील तर मस्तकावर तीन वेळा ओतावे. कर्मकांडाचा ग्रंथ असता तर पाण्याच्या शुद्धाशुद्धतेवर अध्याय खर्ची पडला असता. येथे आदर्श खाली आणलेला नाही, पण आदर्शापाशी न पोहोचणाऱ्याला दाराबाहेरही ठेवलेले नाही. त्यागी व संसारी असे दोन वर्ग न पाडता एकाच वाटेवर पुढे व मागे चालणारे यात्रेकरू लेखकाच्या दृष्टीसमोर आहेत.

दुसरा गुण व्यवहारज्ञानाचा. त्या काळी प्रेषित व संदेष्टे गावोगाव फिरत. त्यांचे स्वागत प्रभूप्रमाणे करावे, असे ग्रंथ सांगतो. परंतु लगेच मोजमापही सांगतो. फिरत्या प्रेषिताने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा समजावा. निघताना पुढील मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटाच. सामान्य वाटसरूला मदत करावी. त्याला गावात राहावयाचे असेल आणि हाती कसब असेल, तर त्याने काम करून खावे. कसब नसेल तर तो रिकामा राहणार नाही अशी तजवीज गावाने विचारपूर्वक करावी. हे ज्याला मान्य नाही, तो ख्रिस्ताच्या नावाचा व्यापार करणारा होय. या अर्थी ग्रंथकाराने एक जोडशब्दच वापरला आहे. धर्माच्या नावावर चालणाऱ्या व्यापाराला इतक्या प्राचीन काळी, धर्माच्याच घरातून, इतके नेमके नाव मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे. दानाविषयीही असाच समतोल आहे. मागणाऱ्या प्रत्येकाला द्यावे, असे सांगून झाल्यावर लेखक एक जुने वचन स्मरतो, त्याचा आशय असा की, कोणाला द्यावयाचे हे कळेपर्यंत दान हातातच घामेजू द्यावे. ही दोन वचने परस्परविरोधी आहेत, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस वाटते, ज्याने प्रत्यक्ष दान केले आहे त्याला दोन्हींची सत्यता ठाऊक असते.

येथे महानुभावीय वाङ्मयाची तुलना सहज सुचते. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने आठवणी जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले, केशिराजबासांनी वचने निवडून 'सूत्रपाठ' रचला, आणि पुढे आचाराची चर्चा करणारे ग्रंथ झाले. चरित्र, वचने आणि आचार ही तिन्ही अंगे आरंभीच्या ख्रिस्ती वाङ्मयातही आढळतात. कारण गुरूचा विरह झालेल्या प्रत्येक शिष्यसमुदायाची ती गरज असते. परंतु एक भेद लक्षणीय आहे. महानुभावीय आचारचर्चेच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने अटन करणारा, भिक्षा मागणारा विरक्त आहे. 'दिदाखे' मुख्यतः ज्याच्या दाराशी असा विरक्त येऊन उभा राहतो त्या गृहस्थाशी बोलते. भिक्षा कशी मागावी हे एक शास्त्र. ती कशी घालावी हे दुसरे. दुसऱ्या शास्त्राची उपेक्षा झाली म्हणजे पहिल्याचे सोंग बोकाळते.

या ग्रंथात वैगुण्य नाही असे मात्र नाही. उपवासाचे प्रकरण आम्हांस दुबळे वाटते. ढोंगी लोक सोमवारी व गुरुवारी उपवास करतात, म्हणून तुम्ही बुधवारी व शुक्रवारी करावा, असे येथे सांगितले आहे. येशूचा उपवासाविषयीचा उपदेश याहून कितीतरी खोल होता. उपवास लोकांना दिसू नये, तो एकांतातील पित्यालाच दिसावा, हे त्याचे मर्म. ढोंग अंतःकरणात असते. वार बदलल्याने ते जात नाही. गुरूच्या शब्दांचा नियम होताना त्यातील प्राण कसा निसटू शकतो, याचे हे उदाहरण होय. शिवाय शेजारच्या धर्मीयांहून वेगळे दिसण्याची जी हौस येथे डोकावते, तिने सर्वच पंथांचे नुकसान केले आहे.

तथापि याच्या लगत दिवसातून तीन वेळा प्रभूची प्रार्थना म्हणण्याचा नियम आहे, आणि पुढे प्रभुवाराच्या सहभोजनाचा. सहभोजनापूर्वी आपले अपराध कबूल करावेत, आणि ज्याचे शेजाऱ्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत पंक्तीत येऊ नये, असा दंडक आहे. सहभोजनाच्या प्रार्थनेत डोंगरांवर विखुरलेले धान्य गोळा होऊन एक भाकरी झाल्याची प्रतिमा येते. साऱ्या ग्रंथात काव्य म्हणावे असे जे थोडे आहे, त्यात ती अग्रगण्य आहे. परंतु ती केवळ शोभेची नाही. एक भाकरी खावयाची तर दोन शेजारी एक झाले पाहिजेत, ही अट तिच्या पाठीशी उभी आहे. वारांच्या नियमात बाह्य भेदावर भर आहे. या नियमात अंतःकरणाची कसोटी आहे. एकाच ग्रंथात हे दोन्ही आढळतात, म्हणून तो विवेकाने वाचला पाहिजे.

आजच्या वाचकाने यातून काय घ्यावे? आमच्या मते, उपवासाचे वार नव्हेत. घ्यावयाची ती पद्धत. दिवसाच्या तीन वेळा मनाला एका ठिकाणी आणणे. हातातील पैसा देण्यापूर्वी थांबणे, पण थांबण्याच्या निमित्ताने न देणे नव्हे. पाहुण्याचे स्वागत करणे, तरी त्याला आयतखाऊ न बनविणे. देवाच्या नावाने पैसे मागणाऱ्याला ओळखणे. आणि भांडण न मिटविता पानावर न बसणे. यांतील एकाही गोष्टीसाठी घर सोडावे लागत नाही. मात्र प्रत्येकीसाठी घरातलेच काहीतरी सोडावे लागते: वेळ, लोभ, भिडस्तपणा, अहंकार. शिमोनाने जाळी टाकली तिचे सातत्य या लहान त्यागांत आहे, असे 'दिदाखे' वाचून आमचे मत झाले आहे.

शिक्षकवर्गाला हा ग्रंथ विशेष जवळचा वाटावा. ऐकलेले पाठ होते, पण अंगी लागत नाही, हा अनुभव वर्गात रोजचा आहे. शिकवण अंगी लागावी म्हणून तिला वेळापत्रक द्यावे लागते, आणि वेळापत्रकच शिकवणीचा गळा घोटणार नाही याची दक्षताही घ्यावी लागते. या अनाम ग्रंथकाराला पहिली गोष्ट पुरती साधली, दुसरी बव्हंशी साधली. ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासकांपुरता हा ग्रंथ मर्यादित राहू नये. त्याचा एक सटीप मराठी अनुवाद अभ्यासूंच्या हाती असणे अगत्याचे आहे. ग्रीक व मराठी या दोन्ही भाषांवर प्रभुत्व असलेल्या व्यक्तीने हे काम मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.