न विचारलेला प्रश्न

मध्ययुगीन युरोपातील अद्भुतरम्य कथांमध्ये नाइट, म्हणजे घोडेस्वार वीर, एक व्रत घेतो: धन्याशी निष्ठा, शत्रूशीही सभ्यता आणि विधवा, अनाथ व दुर्बल यांचे रक्षण. बाराव्या शतकातील फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्रुवा याने आपल्या ‘पर्सिव्हल’ या अपूर्ण काव्यात मात्र या व्रताचीच परीक्षा घेतली आहे. नाइट होण्यासाठी घर सोडणारा पर्सिव्हल वळून पाहतो, तर आई पुलाजवळ कोसळलेली दिसते; तरीही तो थांबत नाही. पुढे एका जखमी राजाच्या वाड्यात ग्रेल नावाचे दिव्य पात्र त्याच्यासमोरून नेले जाते. ते कोणासाठी, एवढे त्याने विचारले असते तर राजा बरा झाला असता. परंतु वीराने फार बोलू नये, ही शिकवण आठवून तो गप्प राहतो. शिष्टाचार पाळला गेला. करुणा राहून गेली.

मराठीतही अशा कथांना एकोणिसाव्या शतकात बहर आला. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांत कल्पनेचा विलास आहे, भाषेची सजावट आहे. संकटे टळतात, प्रेमिकांचे मीलन होते, वाचक सुखावतो. पण त्याच काळी अनेक उच्चवर्णीय घरांत केशवपन झालेल्या विधवा कोपऱ्यात बसून होत्या. त्यांच्यासाठी कोणी राजपुत्र घोडा सजवून निघाला नाही.

निघाली ती यमुना. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीची ही नायिका पतीसह प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे जाणून घेते. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ साली, झाला होता. पदमनजी प्रॉटेस्टंट होते. त्यांची कथा वारंवार प्रवचनाकडे झुकते. स्वतः विधवा झालेल्या यमुनेचे धर्मांतर आणि पुनर्विवाह फार सहजपणे घडतात. प्रवचन हे ज्याचे नित्यकर्म, त्या माझ्यासारख्याला हा दोष लवकर ओळखू येतो! तरीही पर्सिव्हलने न विचारलेला प्रश्न यमुनेने विचारला. वीरव्रताचा गाभा तिने तलवारीवाचून राखला.

वाचकहो, अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या धर्मग्रामांतही लग्नघरी सारे रीतीप्रमाणे होते. अशा वेळी एखादी विधवा आत्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसते. ‘आत्या, तुम्ही पुढे का येत नाही?’ हा प्रश्न आपल्यापैकी कोण विचारतो?