चहा कोण ठेवणार?

जानेवारीत शहपुऱ्यातल्या संध्याकाळी मटार सोलण्यात जातात. जबलपूरचा मटार लांबलांबच्या बाजारांत जातो, आणि त्यातला बराचसा आमच्या शहपुरा-भिटोनीच्या नि शेजारच्या पाटणच्या शेतांत पिकतो. घरात शेंगांची पिशवी रिकामी झाली की टीव्हीसमोर सतरंजी अंथरायची, मध्ये परात ठेवायची आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. बोटं शेंगांत, डोळे पडद्यावर. अशाच एका संध्याकाळी भाच्याने लॅपटॉप टीव्हीला जोडून बीबीसीची ‘द रॉयल फॅमिली’ लावली. आईला इंग्रजी येत नाही, आणि मँचेस्टरकडची बोली तर इंग्रजी शिकलेल्यालाही पटकन उमगत नाही. तरी पाचेक मिनिटांत आई हसली, आणि अगदी नेमक्या जागी हसली. खुर्चीत पसरलेल्या बापाने कोपऱ्यातल्या पोराला नुसती मान उडवून काहीतरी फर्मावलं होतं. आई म्हणाली, “चहा ठेवायला सांगतोय.” खरोखर तेच होतं. भाषा ओलांडून घराघरातली खूण पोचवणारी ही कारागिरी कशी साधली आहे, ते मी तेव्हापासून पुन्हापुन्हा पाहत आलो आहे.

रॉयल हे इथं आडनाव आहे. कानाला ते राजघराण्यासारखं लागतं, पण घर आहे मँचेस्टरमधल्या एका कष्टकरी कुटुंबाचं. कॅरोलाइन अहर्न, क्रेग कॅश आणि हेन्री नॉर्मल यांनी लिहिलेली ही मालिका १९९८ साली बीबीसी टूवर सुरू झाली. बाप जिम कामावर जाताना कधी दिसत नाही. आई बार्बरा बेकरीत अर्धवेळ काम करते. मुलगी डेनिसचं डेव्हशी लग्न ठरलेलं आहे, धाकटा अँटनी शाळकरी आहे. आजी आणि शेजारची मंडळी येऊन-जाऊन असतात. कथानक म्हणावं तर एवढंच. हे सगळे टीव्ही पाहत बसतात आणि आपण त्यांना पाहत बसतो.

नेपथ्यापासून सुरुवात करावी. जवळजवळ सारा खेळ एकाच बैठकीच्या खोलीत होतो, फार तर शेजारच्या स्वयंपाकघरात. अर्ध्या तासाच्या भागात त्या घरातलाही जवळपास अर्धाच तास सरतो. मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ नाही, बाजारातलं दृश्य नाही. अनेकदा वाटतं, त्यांच्या टीव्हीच्या जागी आपल्यालाच ठेवलं आहे आणि ती सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत. त्या काळी अशा मालिका बहुधा प्रेक्षकांसमोर, तीन-चार कॅमेरे लावून चित्रित होत, आणि हशा ध्वनिमुद्रणातच मिसळलेला असे. इथे तो हशा काढून टाकला आहे, चित्रण फिल्मवर केलं आहे. त्यामुळे सिगारेटचा धूर, चिप्सच्या पुडीचा कुरकुर आवाज, कुणीतरी कूस बदलल्यावर करकरणारा सोफा, सगळं स्पष्ट जाणवतं. कुठे हसायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून प्रत्येकजण आपापल्या घराच्या आठवणीने हसतो. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणं ही या मालिकेची पहिली श्रीमंती.

संवादांची वीण त्याहून बारीक आहे. घरात कुणीही पाऊल टाकलं की बार्बरा ठरलेला प्रश्न विचारते: जेवण झालं का, आणि काय जेवलात? येणारा पदार्थांची नावं घेतो, बाकीचे माना डोलावतात, प्रश्न संपतो. हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी तितक्याच मनापासून विचारला जातो. दोन-तीन भागांनंतर ध्यानात येतं की या घरात ‘तू बरा आहेस ना?’ असं विचारण्याची रीतच ही आहे. आपल्याकडे ‘जेवलास का?’ म्हणताना आईला पोटाखेरीज कितीतरी गोष्टींची खबर हवी असते, तसंच. पहिल्याच भागात जिम टेलिफोनचं बिल हातात घेऊन ओळ न् ओळ वाचतो. ॲबर्डीनला फोन कुणी केला, यावर त्याचा सगळा आवाज खर्ची पडतो. त्या गावी आपल्या ओळखीचं कुणी नसताना पैसे मात्र गेले, हे दुःख त्याला गिळवत नाही. एका बिलातून लेखकांनी घराची मिळकत, बापाचा धाक आणि त्या धाकाला कुणीही भीक घालत नाही हे वास्तव, तिन्ही एकदम मांडलं आहे. परिस्थिती बेताची आहे असं एकही पात्र बोलून दाखवत नाही. बिलाचा कागदच सगळं बोलतो.

घरातली उतरंडही अशीच न सांगता कळते. सोफ्यावरून कोण उठतं आणि कोण उठत नाही, एवढंच पाहत राहावं. दाराची घंटी वाजली की अँटनी, चहा हवा की अँटनी, दुकानातून काही आणायचं की पुन्हा अँटनी. डेनिस जागची हलत नाही. बार्बरा मात्र कुणी न सांगताच उठते, आणि ती उठल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. राल्फ लिटलने अँटनीचं ते उठणं फार सुरेख केलं आहे. आधी खांदे पडतात, मग उसासा, मग पाय ओढत स्वयंपाकघराकडे. तो आत गेला की पाठीमागे त्याच्याबद्दल एखादा बोचरा शब्द पडतो, आणि कपांचा ट्रे घेऊन तो परत येतो तेव्हा विषय बदललेला असतो. धाकटेपणाचा सगळा इतिहास त्या दोन फेऱ्यांत मावला आहे. माझी आई हसली होती ती इथेच. पाच भावंडांत ती सर्वांत धाकटी.

नटांची निवड हाही रसिकाने थांबून पाहावा असा भाग. जिम झालेला रिकी टॉमलिन्सन मुळात भिंतींना गिलावा करणारा कामगार. १९७२ च्या बांधकाम कामगारांच्या संपात तो होता, त्यावरून झालेल्या खटल्यात त्याला तुरुंगवास घडला, आणि ती शिक्षा अपील न्यायालयाने थेट २०२१ साली रद्द केली. मोडक्या खुर्चीत तो ज्या निवांतपणे रेलतो, त्यात अंगमेहनतीने थकलेल्या माणसाची बैठक ओळखू येते. ती कुठल्या नाट्यशिक्षणातून आलेली नाही. बार्बरा झालेली सू जॉन्स्टन आणि तो याआधी ‘ब्रुकसाइड’ या मालिकेत वर्षानुवर्षं नवरा-बायको होते. त्यामुळे इथं एकमेकांकडे न बघता बोलण्याची जी सवय दिसते, तिला खऱ्या संसाराचं जुनेपण आहे. आणि आजी झालेली लिझ स्मिथ! अँटनीची मैत्रीण घरी येते, ती शाकाहारी आहे असं कळतं, सगळे विचारात पडतात. तेव्हा आजी अगदी काळजीने सुचवते, पातळ कापलेलं हॅम चालेल का तिला? आपल्याकडे ‘रश्श्यातले तुकडे बाजूला काढून देऊ का?’ असं विचारणाऱ्या प्रेमळ यजमानीण बाईंचीच ही मँचेस्टरची बहीण. लिझ स्मिथ ते वाक्य विनोद म्हणून टाकत नाही, पाहुणी उपाशी राहू नये या कळकळीने म्हणते. भाबडेपण इतकं खरं वठलं की हशा आपसूक येतो, आणि त्या आजीबद्दलची मायाही.

या घराला पूर्वजही आहेत. १९६२ च्या जानेवारीत रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन यांनी एक सुटी विनोदी नाटिका लिहिली, आणि तिच्यातून ‘स्टेपटो अँड सन’ ही मालिका जन्माला आली. लंडनमधले दोन भंगारवाले, म्हातारा बाप आणि चाळिशीकडे झुकलेला मुलगा. लेखकांनी विनोदी नट न घेता रंगभूमीवरचे कसलेले अभिनेते घेतले, विल्फ्रिड ब्रॅम्बेल आणि हॅरी कॉर्बेट. दोघांच्या वयांत प्रत्यक्षात तेराच वर्षांचं अंतर, पण पडद्यावर ते एका पिढीचं भासतं. त्या पहिल्या नाटिकेचा शेवट पाहावा. मुलाने घर सोडायचं ठरवलं आहे, आपलं सामान गाड्यावर रचून ठेवलं आहे, पण बाप घोडा द्यायला तयार नाही. मग मुलगा स्वतःच गाडा ओढू लागतो. सारं बळ लावतो, गाडा तसूभर हलत नाही, आणि त्याला रडू कोसळतं. बाप जवळ येतो, त्याला घरात नेतो, चहाचं बघू म्हणतो. बापाने मुलाला अडकवलं की सावरलं? दोन्ही एकाच हाताने झालं आहे. विनोदी नाटिकेत एवढी खोल जागा सापडू शकते हे या लेखकद्वयाने दाखवून दिलं, आणि पुढच्या सगळ्या घरगुती मालिका त्या न हललेल्या गाड्याच्या ऋणात राहिल्या.

आमच्या शहपुऱ्याच्या घरात असं कुटुंब पहिल्यांदा आलं ते १९८८ साली, दूरदर्शनवरून. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ‘वागळे की दुनिया’. मुंबईतला मराठी कारकून, अंजन श्रीवास्तव यांचा श्रीनिवास आणि भारती आचरेकर यांची राधिका. मराठी घर, पण बोली हिंदी. घरात मराठी नि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा लोकांना ते घर फार जवळचं वाटलं होतं. आज दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या की रचनेतला फरक नीट दिसतो. वागळ्याला बाहेरचं जग गाठतं, ऑफिस, रस्ता, रांग, आणि संध्याकाळी तो त्या जगाचे ओरखडे घेऊन घरी येतो. भारती आचरेकरांचा चेहरा नवऱ्याला दारात पाहूनच दिवसाचा हिशेब लावतो. नुसत्या बघण्यात त्यांनी निम्मं बोलणं उरकलेलं असतं. रॉयल मंडळींकडे जग फक्त पडद्यावरून आणि दाराच्या घंटीवरून येतं. वागळ्याचं घर हा विसावा आहे, रॉयलांचं घर हेच सगळं जग आहे. दोन्हीकडे माणसं लहान मिळकतीची आहेत, पण लेखणीने त्यांना कुठेही लहान केलेलं नाही.

‘द रॉयल फॅमिली’तला सर्वांत सुंदर प्रवेश सोफ्यापासून दूर, न्हाणीघरात घडतो. १९९९ चा नाताळ. गरोदर डेनिसला कळा सुरू होतात, ती घाबरून आत जाऊन बसते. जिम येतो आणि तिच्याजवळ फरशीवर टेकतो. एरवी ज्याच्या तोंडात शिवीखेरीज काही नसतं, तो बाप आवाज खाली आणून लेकीला धीर देतो, आणि बोलता बोलता त्याचेच डोळे भरतात. कितीतरी भाग ज्या माणसाला खुर्चीतून हलताना आपण क्वचितच पाहिलं, तो इथे फरशीवर बसला आहे, एवढ्यानेच प्रसंगाचं वजन कळतं. लेखकांनी त्याला इतके दिवस बसवून ठेवलं ते जणू या एका उठण्यासाठी. स्थिरपणाचा असा साठा करून तो एका क्षणात खर्च करणं, हे लयीवरचं प्रभुत्व आहे.

आणि २००६ सालचा ‘क्वीन ऑफ शीबा’ हा विशेष भाग. आजी आता अंथरुणाला खिळली आहे आणि तिची खाट थेट बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या सोबतीला आणून टाकली आहे. घराने तिला आडोशाच्या खोलीत टाकलं नाही, हे नेपथ्यानेच सांगून टाकलं. बार्बरा आईचे केस नीट बसवून देते. लेकीच्या हातून केस झाले की आपल्याला शीबाच्या राणीसारखं वाटतं, असं आजी म्हणते, आणि भागाला नाव मिळतं ते त्यावरून. सू जॉन्स्टनची बोटं त्या पांढऱ्या केसांतून फिरतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नाही, फक्त काम नीट व्हावं ही एकाग्रता दिसते. आजी लवकरच जाणार हे दोघींना ठाऊक आहे, आणि दोघीही बोलतात केसांबद्दलच. आडनावातली राजेशाही इथे खरी होते.

तो भाग आम्ही पाहिला तेव्हा परातीतले दाणे कधीचे निवडून झाले होते, तरी कुणी उठलं नव्हतं. पडदा काळा झाल्यावर आई थोडा वेळ तशीच बसली. मग टरफलं पदरात गोळा करत माझ्याकडे न बघता म्हणाली, “ऊठ, चहा ठेव.” मी उठलो.