‘आदिलाबादचे गोंड’ आणि इस्लापूर मंडळ

१९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या आठव्या कलमात मुंबई राज्यात येऊ घातलेल्या प्रदेशांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात एक लहानसे नाव येते. मराठवाड्यातील जिल्हे, बिदरमधील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके, काही मंडळे वगळून उरलेला नांदेड जिल्हा, आणि मग आदिलाबाद जिल्ह्यातून तीन तुकडे : किनवट तालुका, राजुरा तालुका व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला हे मंडळ आपल्या तालुक्यापासून तुटले आणि किनवटबरोबर नांदेड जिल्ह्यात आले. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचा, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचा हा प्रदेश. नदीपलीकडे जुना वऱ्हाड, दक्षिणेस व पूर्वेस तेलंगण. गोंड, कोलाम, परधान, नाईकपोड आणि आंध यांच्या वस्त्या या तिन्ही बाजूंना पसरलेल्या आहेत आणि त्यांच्या सोयरिकी अधिनियमातील कलमे वाचून जुळलेल्या नाहीत.

या एका मंडळाचा निर्देश प्रारंभीच करण्याचे कारण असे की, ज्या आदिलाबाद जिल्ह्यातून ते निघाले, तो जिल्हा भारतीय मानववंशशास्त्रात एक आदर्श क्षेत्र म्हणून गाजलेला आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचे तेथील कार्य म्हणजे सामाजिक संशोधनाने आदिवासींच्या उत्कर्षाला प्रत्यक्ष हातभार लावल्याचा नमुना, असे आपल्याकडील अध्यापनात नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु त्या नमुन्याची परीक्षा मारलवाईत उभे राहून न करता इस्लापुरात उभे राहून केली, तर काय दिसते, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम जे श्रेय आहे ते निःसंकोचपणे दिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे व्हिएन्नाचे विद्वान शत्रुराष्ट्राचे पारपत्र बाळगल्यामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले आणि निजाम सरकारच्या अनुमतीने प्रथम चेंचू, मग कोंडा रेड्डी व नंतर गोंड अशा क्रमाने त्यांनी क्षेत्रकार्य केले. १९४० मध्ये कुमरम भीमू आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. डोंगरातील हे गोंड एकाएकी का उठले, हा प्रश्न सरकारला पडलेला होता. हायमेनडॉर्फ यांनी त्याचे उत्तर जमिनीच्या दप्तरात शोधले. गोंड शेतकरी वर्षानुवर्षे ‘सिवाय-जमाबंदी’च्या तात्पुरत्या वहिवाटीवर नांगर धरीत होता. रस्ते झाले, बाजार आला, तेव्हा पट्टा म्हणजे काय हे जाणणारा नवागत आला आणि जमीन त्याच्या नावे चढली. उरलेल्या गावांभोवती जंगलखात्याने राखीव वनाच्या रेषा आखल्या. या नवागतांत मराठी बोलणारे काही कमी नव्हते, हे मराठी विद्यापीठातील वाचकाने मनाशी नोंदवून ठेवावे.

१९४५ साली ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने त्यांचे चार अहवाल प्रसिद्ध झाले. महसूलमंत्री विल्फ्रिड ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या मारिया गोंडांचे अभ्यासक असल्यामुळे अहवाल कपाटात पडून राहिले नाहीत. विशेष अधिकारी नेमले गेले, पट्टे वाटले गेले, १३५६ फसलीचा म्हणजे १९४६ चा आदिवासी क्षेत्र विनियम आला. क्षेत्रकार्याच्या टाचणवहीपासून कायद्यापर्यंतचा इतका जवळचा रस्ता आपल्या देशात क्वचितच दिसतो.

परंतु हा रस्ता जवळचा होता, कारण त्यावर फार थोडी माणसे होती. एक संशोधक, एक मंत्री, दोन-चार निष्ठावंत अधिकारी. ज्यांच्यासाठी तो बांधला, त्या गोंडांच्या हाती त्यातले काय आले? विनियमात पंचायतींची तरतूद होती, पण सत्तेचे मूळ सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यात होते. अहवाल इंग्रजीत होते. म्हणून १९४८ मध्ये संस्थान गेले आणि पुढे माणसे बदलली, तेव्हा मागे राहिले ते कायदे व कागद. १९५६ मध्ये इस्लापूर निघाले, तेव्हा तेही निम्मेच त्याच्याबरोबर आले.

सीमेच्या दोन्ही बाजूंचे जमिनीविषयक कायदे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. तिकडे १९५९ चा आंध्रचा विनियम १९६३ मध्ये तेलंगण भागाला लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीतराकडे जाण्यास पूर्ण बंदी झाली. इतकेच नव्हे तर अशी जमीन मुळात आदिवासीचीच होती, असे गृहीतक कायद्याने धरले. ते पाळले किती गेले, हा वेगळा आणि दुःखद विषय. इकडे महाराष्ट्रात १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा झाला. तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरांपुरता आहे. इस्लापूर नांदेडात आले नोव्हेंबर १९५६ मध्ये. म्हणजे १९४५ च्या अहवालाने जी लूट तपशिलाने दाखवली, तिच्यापुढे हा कायदा दार उघडत नाही. ज्या गोष्टीचा सर्वांत चांगला पुरावा आपल्यापाशी आहे, तिलाच नेमकी दाद नाही!

आता ग्रंथांकडे वळू. १९४८ च्या मुख्य ग्रंथाचे नाव ‘द राज गोंड्‌स ऑफ आदिलाबाद’ असे आहे आणि उपशीर्षकात गोंडांना दख्खनची एक कृषिसंस्कृती म्हटले आहे. दख्खन हा शब्द प्रशस्त आहे. जिल्ह्याचे नाव तेवढे नाही. त्या मालिकेतील पुराकथा व विधी यांचा पहिला खंडच प्रसिद्ध झाला, दुसरा आला नाही. एकतीस वर्षांनी, १९७९ मध्ये, याच विषयावरील त्यांचा नवा ग्रंथ निघाला, त्याचे नाव ‘द गोंड्‌स ऑफ आंध्र प्रदेश’. लोक तेच, देव तेच, चार-पाच-सहा-सात भावांचे सगे तेच. पण या दोन शीर्षकांच्या मधल्या फटीत किनवट, राजुरा आणि इस्लापूर गळून पडले. राज्य बदलले म्हणून संशोधनाचा विषयही बदलावा, हे विलक्षण आहे.

यावर असे म्हणता येईल की, क्षेत्राला कोठे तरी कुंपण घालावेच लागते. खरे आहे. पण ते कुंपण समाजाच्या रचनेतून यावे की तहसिलीच्या नकाशातून, हा पद्धतीचा प्रश्न आहे, आणि हायमेनडॉर्फ यांचीच सामग्री त्यांच्या कुंपणाविरुद्ध साक्ष देते. त्यांनी परधानांचे जे वर्णन केले आहे ते पाहा. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. किंगरी वाजवून कुळाची पुराणकथा गाणारे. ती कथा गोंडीत. परंतु आदिलाबादच्या परधानाची घरची भाषा मराठी! गोंडी वाङ्‌मयाचा वारसा ज्यांच्या मुखात आहे, ते चुलीपाशी मराठी बोलतात, आणि त्यांचे गोंड यजमान जेथे पांगले असतील तेथे त्यांना जावे लागते. पर्सापेनाच्या पूजेला कुळ जमते, तेही जिल्हावार जमत नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला आजही महाराष्ट्रातून गोंड जातात. ज्या समाजाची स्मृतीच अशी फिरती आहे, त्याला एका जिल्ह्याचा समाज म्हणणे ही सोय आहे, शास्त्र नव्हे.

शिक्षणाच्या बाबतीत तर नियतीने थट्टाच केली. १९४३ मध्ये मारलवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडीसाठी वाचनपाठ तयार झाले ते देवनागरीत, कारण त्या भागातील गोंडांना व्यवहाराची मराठी परिचित होती. पुढे जिल्ह्याचा मोठा भाग तेलुगू राज्यात राहिला आणि शाळेची भाषा तेलुगू झाली. देवनागरी जेथे रोजची लिपी आहे तो भाग महाराष्ट्रात आला, आणि येथे गोंडी पाठांची ती परंपराच नव्हती. पाठ एकीकडे, लिपी दुसरीकडे.

या संदर्भात सेतुमाधवराव पगडी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो; पण हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादेत आदिवासींसाठीचे विशेष अधिकारी म्हणून त्यांनी काम केले, गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले, आणि १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा जन्म निलंग्याचा. अधिनियमाच्या ज्या कलमाने इस्लापूर आले, त्याच कलमाने निलंगाही आले. असे असून आपल्या विभागांच्या अभ्यासक्रमात हायमेनडॉर्फ आहेत आणि पगडी नाहीत. अधिकाऱ्याने लिहिलेले ते टिपण आणि प्राध्यापकाने लिहिलेले ते संशोधन, अशी आपली समजूत असावी.

हायमेनडॉर्फ यांना उत्तरायुष्यात निराशा आली आणि ती त्यांनी लपवली नाही. १९८२ च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या ग्रंथात, आपण ज्या गावांना जमिनी मिळालेल्या पाहिल्या त्या पुन्हा कशा गेल्या, हे त्यांनी कळवळून लिहिले आहे. तेथे सीमाही एकदाची त्यांच्या दृष्टीस पडते. १९७६ च्या दुरुस्तीने तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातींत आले, महाराष्ट्रातील बंजारा मात्र विमुक्त जातींत राहिले. त्यामुळे महाराष्ट्रातून आदिलाबादेत लोंढा गेला आणि गोंडांच्या जमिनीवर नवा भार पडला, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. पण लक्षात येते ते असे की, सीमेपलीकडचा माणूस ‘त्यांच्या’ जिल्ह्यात शिरला तेव्हाच त्यांना सीमा दिसली. त्यांचेच गोंड आणि कोलाम सीमेपलीकडे गेले, तेव्हा ती तितकी दिसली नव्हती. शिवाय अपयशाचा दोष ते राज्यकर्त्यांच्या मंदावलेल्या इच्छाशक्तीवर ठेवतात. ज्ञान सरकारच्या हाती सोपवून समाजाच्या हाती न सोपवण्याची जी पद्धत त्यांनी स्वीकारली, तिचाही त्यात वाटा होता की काय, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारलेला नाही.

तो प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण मानववंशशास्त्रीय वर्णन आता केवळ वाचनालयात राहत नाही. मराठवाड्याला हैदराबादकडून जी जमातींची यादी मिळाली, तिच्यात कोलामांपुढे ‘मन्नेरवारलू’ हा तेलुगू शब्द होता. आज महाराष्ट्राच्या यादीतही ही दोन नावे एकत्र आहेत. तेलुगू मुलखात कोणाला काय म्हणतात हे सहज कळते. मराठी राज्यात तोच शब्द गूढ झाला, आणि त्याच्या अर्थावरून निघालेले जमात-वैधतेचे वाद न्यायालयांपर्यंत पोहोचले. १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात अर्जदाराचा जमातीशी आप्तभाव तपासण्याची कसोटी आहे : देव कोणते, विवाहविधी कसा, मृताला पुरतात की जाळतात. म्हणजे जुन्या ग्रंथातील ‘पुराकथा व विधी’ हा खंड नव्या पिढीपुढे प्रश्नपत्रिका होऊन उभा राहतो. शहरात वाढलेल्या मुलाला ग्रंथातले उत्तर आले नाही तर तो खोटा, आणि ग्रंथ वाचून आलेला खरा! २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आप्तभावाची चाचणी ही निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले हे बरे झाले. परंतु आपण विधींचे वर्णन ‘सर्व गोंड असे करतात’ या थाटात लिहितो, तेव्हा त्या वाक्याचा उपयोग पुढे कोण कसा करील, याचा विचार लिहिताना करावा लागेल.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, तेराव्या नियमाखाली, दाव्याचे पुरावे कोणते चालतात याची यादी आहे. त्यात जुन्या संस्थानांचे अभिलेख व नकाशे आहेत. नामांकित संस्थांनी केलेले रूढी-परंपरांचे संशोधन आहे. आणि दावेदारांहून अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे. यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावयाचे असतात. विद्यापीठाचा प्रबंध आणि गावच्या म्हाताऱ्याची साक्ष कायद्याने एका यादीत, एका पंक्तीला बसवली आहे. मारलवाईच्या पद्धतीत ही पंक्ती नव्हती; तेथे म्हातारा माहिती देई आणि निष्कर्ष दुसरा कोणी काढी.

यावरून किनवट तालुक्यात काम करू इच्छिणाऱ्या संशोधकाला काय करता येईल? १९४५ चे अहवाल प्रथम मराठीत आणावेत, आणि जेथे गोंडी व कोलामी बोलली जाते तेथे ते वाचून दाखवून दुरुस्त करून घ्यावेत. आंध समाजाचा अभ्यास हाती घ्यावा. तो मराठी बोलतो, शेती करतो आणि परक्या अभ्यासकाला पुरेसा निराळा वाटत नाही, म्हणून मागे राहिला. कोलामांचा विचार गोंडांच्या तळटीपेत करू नये. ज्या देवतांचे पौरोहित्य गोंड स्वतः कोलामाकडे सोपवतात, त्या भूमीवरचा त्यांचा संबंध स्वतंत्रपणे तपासावा. आणि शीर्षकात जिल्ह्याचे नाव घालण्यापूर्वी त्या कुळांचे पेन कोठे कोठे आहेत, याचा नकाशा आधी काढावा.

इस्लापूर मंडळापुरते बोलायचे तर आणखी एक साधे काम उरते. १९५६ पूर्वी या गावांचा तालुका बोथ होता. तो आदिलाबादेत राहिला आणि आज तेलंगण राज्यात आहे. वहिवाटीचे जुने उतारे, राखीव वनाच्या मूळ रेषांचे नकाशे आणि संस्थानी काळातील पट्ट्यांची नोंद यांतले काय किनवटला पोचले आणि काय बोथ-आदिलाबादच्या दप्तरात राहिले, याची गाववार यादी करून ती त्या त्या ग्रामसभेच्या हवाली करावी. दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागतील, उर्दू मोडून वाचू शकणारा माणूस बरोबर लागेल, आणि या कामावर पदवी मिळेलच असे नाही.